चोराची चिठ्ठी फाडू नका

"पोरांना चोऱ्या शिकवायलेत का सर?"

हा प्रश्न मला दिवाळीच्या सुटीपासून तीन जणांनी विचारला. एकाने चेष्टेत विचारला, एकाने काळजीने आणि एकाने आवाज चढवून. तिघेही ओळखीचे, तिघेही भले. म्हणून उत्तर ओट्यावर उभ्या उभ्या न देता सविस्तर लिहितो आहे.

आधी प्रकरण काय ते सांगतो. सुटीत पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने एक खेळ आणला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' त्याचे नाव. ना पट, ना सोंगट्या. एक वीस बाजूंचा फासा, कागद, पेन्सिल आणि पाच-सहा डोकी. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दाराशी आला आहात, दार बंद आहे, आत कुणीतरी खोकतंय, बोला, काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जमले की नाही ते फासा ठरवतो. आपल्या जुन्या दास्तानगोईत सांगणारा एक असे आणि ऐकणारे शंभर. इथे ऐकणारेच गोष्टीत उतरतात, एवढाच फरक.

पात्रे ठरलेली असतात. तलवार चालवणारा योद्धा, मंत्र जाणणारा जादूगार, जखमा भरणारा धर्मपुरुष. उमापूरच्या पोरांनी त्याला लगेच 'हकीम' करून टाकले. आणि चौथा तो, ज्याच्यावरून हा सगळा गदारोळ झाला. कुलूप उघडणारा, अंधारात लपणारा, खिसा कापणारा, थाप मारून पहारेकऱ्याला गुंडाळणारा. इंग्रजीत त्याला जे म्हणतात ते मराठीत लिहिले की 'रोग' होते आणि माणूस आधीच बिचकतो. म्हणून मी त्याला आपला जुना शब्द देतो, अय्यार. ज्यांनी दूरदर्शनवर 'चंद्रकांता' पाहिली आहे त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

पाच पोरांपैकी चौघांना अय्यारच व्हायचे होते. राजाचा सरदार कुणाला नको, जादूगार कुणाला नको. ओरड झाली ती इथे. "बघा, पोरांची ओढ कुणाकडे आहे ती."

ओढ आहेच. ती का आहे आणि तिच्यात वाईट काय आहे, ते नीट बघू.

हा खेळ अमेरिकेत १९७४ साली छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिल्या पुस्तकात पात्रांचे वर्ग तीनच होते, योद्धा, जादूगार आणि धर्मपुरुष. चोर त्यात नव्हता. तो १९७५च्या पुरवणीत आला, सरळ 'चोर' याच नावाने. पुढे २००० साली नियम नव्याने लिहिले तेव्हा त्याचे नाव बदलून सौम्य केले. म्हणजे ताकद, विद्या आणि धर्म या तिघांवर जग चालवून पाहिले आणि वर्षभरात लक्षात आले की एक माणूस राहून गेला. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, तो.

त्याला काम काय दिले? कुलूप उघडणे, भिंत चढणे, दाराला कान लावणे, पावलांचा आवाज न करणे. आणि एक काम, जे ओरडणाऱ्यांनी वाचलेच नाही. सापळा ओळखणे. टोळी भुयारात शिरते तेव्हा अय्यार पुढे असतो. जमिनीतली कोणती फरशी सैल आहे, कोणत्या पेटीच्या झाकणात विषारी सुई आहे, हे तो बघतो आणि मागच्यांना हात करतो. योद्ध्याचे बळ सापळ्यापुढे फुकट जाते. जादूगाराची पोथी तिथे उघडायला वेळ नसतो. तिथे कामाला येते ते फक्त बघणे, ऐकणे आणि शंका घेणे.

आता सांगा, माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला या चौघांपैकी कोण आपला वाटेल? ज्याच्या घरात तलवार नाही, पोथी नाही, वशिला नाही, त्याला? बघणे आणि ऐकणे एवढेच भांडवल त्याच्याकडे असते. या खेळात त्याला पहिल्यांदा कळते की तेही भांडवल आहे, आणि त्याच्यावाचून मोठमोठे योद्धे खड्ड्यात पडतात. चौघांना अय्यार व्हायचे होते ते यासाठी.

आणि हा खेळ परका आहे असेही समजू नका. राजा-प्रधान-शिपाई-चोर तुम्ही खेळला नाहीत का? वहीच्या कागदाच्या चार चिठ्ठ्या, घडी घालून टाकायच्या, ज्याने त्याने एक उचलायची. गावोगावी आकडे वेगळे. आमच्याकडे राजाला १०००, प्रधानाला ५००, शिपायाला १००, चोराला शून्य. शिपायाने चोर ओळखायचा. चुकला तर त्याचे शंभर चोराला. तो खेळ आठवून बघा. राजा हजार घेतो आणि काय करतो? काही नाही. चिठ्ठी उघडून दाखवतो आणि बसतो. प्रधानही तसाच. खेळ चालतो तो शिपाई आणि चोर यांच्यात, आणि सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते चोराच्या चेहऱ्याकडे. शून्य हातात घेऊन जो चेहरा हलू देत नाही, त्याचे कौतुक व्हायचे. आपल्या आज्या-मावश्या हा खेळ आपल्याबरोबर बसून खेळल्या. कुणी म्हणाले नाही की पोरगा दरोडेखोर होईल.

आता आक्षेप एकेक घेऊ.

पहिला आक्षेप दीनदार मंडळींचा. लबाडाची भूमिका करणे आपल्या संस्कारात बसत नाही, म्हणे. या मंडळींचा मी आदर करतो, म्हणूनच त्यांना त्यांच्याच कपाटाकडे नेतो. दर्स-ए-निजामी, म्हणजे भारतातल्या बहुसंख्य मदरशांचा अभ्यासक्रम. त्यात अरबी साहित्य म्हणून कोणते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते? मकामात-ए-हरीरी. बसऱ्याचे हरीरी, मृत्यू ११२२. पन्नास किस्से. त्यांचा नायक कोण? अबू जैद सरूजी. हा गृहस्थ गावोगाव वेष बदलून फिरतो, अप्रतिम भाषेत बोलतो आणि ऐकणाऱ्यांचे खिसे हलके करतो. पहिल्याच किस्शात तो मृत्यूची आणि पापाची आठवण करून देणारा असा वाज करतो की लोक रडतात आणि पैसे देतात. निवेदक त्याच्या मागोमाग जातो तर हजरत गुहेत बसून भाजलेले मांस खात आहेत, शेजारी मद्याचे भांडे. हे पुस्तक उलेमांनी मदरशातून हद्दपार केले का? उलट भाषा शिकायची तर हेच वाचा म्हणाले. कारण त्या बुजुर्गांना एक गोष्ट ठाऊक होती. सुंदर बोलणारा प्रत्येक जण सच्चा नसतो, आणि हे विद्यार्थ्याला लवकर कळलेले बरे. सरूजीला वाचलेला मुलगा उद्या दाढी आणि गोड आवाज पाहून लगेच वर्गणी देत नाही.

आणि आपला अमर अय्यार? दास्तान-ए-अमीर हमजा उर्दूत लखनऊच्या नवल किशोर प्रेसने छापली ती ४६ जाडजूड खंडांत. अकबर बादशहाने तिची सुमारे १४०० चित्रे काढून घेतली होती. हमजा त्यातला वीर, सरदाराचा मुलगा. अमर त्याचा दोस्त, उंट हाकणाऱ्याचा मुलगा. हमजाकडे बळ, घोडा, खानदान. अमरकडे पाय, जीभ आणि झंबील, म्हणजे ती पिशवी जिच्यात सारी दुनिया मावते. हा अमर लोभी आहे, कंजूष आहे, मैदानात सगळ्यांच्या पुढे छाती काढून उभा राहणारा नाही. दास्तान म्हणते की नुकताच जन्मला होता तेव्हाच त्याने वजिराच्या बोटातली अंगठी लांबवली. आणि तरीही दास्तानकारांनी त्याला काय दिले? पैगंबरांकडून मिळालेल्या भेटी. झंबील त्यातलीच. मुसलमानांच्या बैठकीत, मुसलमान श्रोत्यांपुढे, शतकानुशतके हे सांगितले गेले आणि लोक हमजापेक्षा अमरच्या येण्याची वाट बघत. आमच्या आजोबांच्या पिढीचा ईमान एवढ्याने डळमळला नाही.

हे फक्त मुसलमानांचे नाही. आमच्या गेवराई तालुक्याच्या कडेने गोदावरी जाते. तिच्या वरच्या अंगाला पैठण, तिथले एकनाथ महाराज. त्यांची भारुडे काय आहेत? स्वतः विद्वान ब्राह्मण, आणि बोलतात ते जोशी, गारुडी, फकीर, गोंधळी यांच्या तोंडून. दुसऱ्याचे सोंग घेतल्याशिवाय दुसरा कळत नाही, हे सोळाव्या शतकातल्या त्या माणसाला समजले होते. गोकुळातला बाळकृष्ण लोणी चोरतो आणि त्यावर अख्खा महाराष्ट्र दहीहंडी फोडतो. वाल्याची गोष्ट आपण शाळेत सांगतो. आमच्याकडे तशीच गोष्ट हजरत फुजैल बिन इयाज यांची आहे, वाटमारी करत, पुढे मोठे सूफी झाले. दोन्ही धर्मांनी चोराला गोष्टीतून बाहेर काढले नाही. आपण काढायला निघालो आहोत.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो माझ्या जवळच्या माणसाने घेतला. तो म्हणाला, "सर, आपल्या पोरांकडे लोक तसंच बघतात. सिनेमात गुंड आपला, टीव्हीवर गुन्हेगार आपला. त्यात तुम्ही खेळातपण चोर करता? त्यांना चांगली भूमिका द्या की."

या आक्षेपावर हसता येत नाही. त्यामागचे दुखणे मला चांगले माहीत आहे. पण त्यावरचा इलाज चुकीचा आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे. कसे ते सांगतो. आपल्या मुलासाठी पडद्यावर चिठ्ठ्या दोनच ठेवल्या आहेत. एकीवर लिहिले आहे दहशतवादी किंवा गुंड. दुसरीवर लिहिले आहे 'शोले'तले इमामसाहेब, म्हणजे पांढरी दाढी, पांढरे मन, मुलगा गेला तरी नमाजला जाणारा भला म्हातारा. पहिली चिठ्ठी आपल्याला चीड आणते, म्हणून आपण धावत जाऊन दुसरी पकडतो. माझा मुलगा इमामसाहेब आहे, बघा किती गरीब आहे, कुणाला काही म्हणत नाही. पण बारा वर्षांच्या पोराने इमामसाहेब का व्हावे? त्याने चेष्टा करू नये? थाप मारू नये? लोभ धरू नये, फजीत होऊ नये, आणि तरीही आपल्या दोस्तासाठी जीव पणाला लावू नये? हे सगळे करणारा अमर आपल्याकडे होता. तो ना गुंड होता, ना फरिश्ता. माणूस होता. आपल्यावर शिक्के बसू लागले त्या भीतीने आपणच त्याला घरातून काढून लावले, आणि आता पोरांना तो वीस बाजूंच्या फाशातून परत सापडला तर आपण दार लावून घेतो आहोत.

फक्त चांगले दिसण्याची सक्ती हाही शिक्काच असतो. ज्याला चुकण्याची परवानगी नाही, त्याला समान कुणी मानलेले नसते.

तिसरा आक्षेप साधा, व्यवहारी. चोराचे काम करून करून पोरे चोरी शिकतील.

याच भीतीने १९८३ साली अमेरिकेत या खेळाविरुद्ध पालकांची संघटना उभी राहिली होती. खेळामुळे मुले सैतानाच्या नादी लागतात असा त्यांचा आरोप होता. आरोप टिकला नाही, खेळ टिकला. पण अमेरिका सोडा, आपल्या जिल्ह्यात या.

बीड ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीला गाड्या भरतात, माणसे कारखान्यांवर जातात, वर्ग रिकामे होतात. जाण्याआधी मुकादम पैसे देतो, त्याला म्हणतात उचल. नवरा-बायकोच्या जोडीला हिशोबात म्हणतात कोयता. माणसाचे नाव गेले, हत्यार राहिले. हंगाम संपतो, आणि अनेकांची उचल फिटलेली नसते. किती टन तोडला, किती दिवसांचा खाडा धरला, किती कापले, हे मुकादमाच्या वहीत. ती वही वाचता येत नाही म्हणून, किंवा येत असली तरी विचारण्याची हिंमत नाही म्हणून, पुढच्या हंगामाला पुन्हा तीच गाडी. तिकडे शेतकरी ऊस घालतो आणि काटा मारल्याची तक्रार करत बसतो. काटा मारणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही, त्याला साहेब म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या. म्हाताऱ्यांच्या ठेवी अडकल्या, पोरींच्या लग्नाचे पैसे अडकले. जादा व्याजाची पाटी होती, काचेचे ऑफिस होते, हसून चहा देणारा मॅनेजर होता. आणि आता मोबाइलवर फोन येतो, बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा.

या सगळ्यात फसले कोण? ज्यांनी आयुष्यभर चोर-चोर खेळला ते? फसले ते सरळमार्गी. ज्यांना लहानपणापासून शिकवले होते की मोठ्यांवर शंका घेऊ नये, सही सांगतील तिथे करावी. या लोकांना दोष द्यायचा नाही. दोष लुबाडणाऱ्यांचा. पण शिक्षक म्हणून माझा प्रश्न आहे. पुढच्या पिढीला सापळा ओळखायला कोण शिकवणार? मूल्यशिक्षणाच्या तासाला आपण 'खोटे बोलू नये' शिकवतो, ते बरोबरच आहे. 'खोटे कसे ओळखावे' हे कोणत्या तासाला आहे? चोराची पावले चोराला ठाऊक, असे आपले जुने लोक म्हणून गेले. ती पावले ओळखायची तर एकदा तरी त्या वाटेने खेळात चालून यावे लागते.

मी त्या मुलांना खेळताना पाहिले आहे. सूत्रधार म्हणाला, समोर सोन्याची पेटी आहे, राखण कुणाचीच नाही. योद्धा झालेला मुलगा लगेच उघडायला निघाला. अय्यार झालेली मुलगी म्हणाली, "थांब. राखण का नाही?" या एका प्रश्नासाठी मी हा खेळ शाळेत न्यायला तयार आहे. बिनराखणीची सोन्याची पेटी म्हणजेच जादा व्याजाची पाटी. बी.एड.ला आम्हाला भूमिका-अभिनय ही अध्यापनपद्धती शिकवली, परीक्षेत तिच्यावर टिपाही लिहिल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळातून शिकण्याबद्दल सांगितले आहे. मग प्रत्यक्ष भूमिका करायची वेळ आली की आपण सगळ्यांना गांधीजी, सावित्रीबाई आणि मौलाना आझादच का करतो? ती थोर माणसे आहेत. पण त्यांच्या वेषात उभे राहिलेले मूल पाठ केलेले भाषण म्हणते. 'राखण का नाही' असे विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने मान्य करतो. अय्यारीच्या नावाखाली काही खेळाडू आपल्याच टोळीचे खिसे कापतात. रात्री मित्र झोपले की त्यांचे सोने काढून घ्यायचे आणि वर म्हणायचे, माझे पात्रच तसे आहे. शहरातल्या खेळाडूंमध्ये ही खोड चालते, भाच्यानेच सांगितले. ही अय्यारी नव्हे, हा नुसता त्रास आहे. अमर सगळ्या जगाला लुटतो आणि हमजाच्या गोटात परत येतो. 'चंद्रकांता'तला तेजसिंह सतरा वेष बदलतो, धनी बदलत नाही. इमान नसलेला अय्यार आपल्या परंपरेत अय्यार ठरतच नाही. तेव्हा जो मोठा माणूस मुलांसोबत बसेल त्याने एवढा एक नियम घालावा. पाताळातल्या राक्षसाला फसवा, दुष्ट राजाचा खजिना फोडा, पण शेजारी बसलेल्याचा डबा उघडायचा नाही.

इथपर्यंत मी आक्षेपांना उत्तर दिले. आता माझा आरोप ऐका.

खेळातला चोर आपल्याला चालत नाही, पण खरा शिक्का मारायला आपला हात जराही थरथरत नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येऊ लागला. अमुक जमातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा गेला आणि हे लोक विमुक्त झाले. कागदावर झाले. गावात काही चोरीला गेले की पोलिसांची गाडी आजही आधी कोणत्या पालाकडे वळते, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण पाठ करतो आणि गाडी वळताना मान फिरवतो.

भाषा शिकवणारा माणूस आहे, म्हणून दोन शब्द दाखवतो. मराठवाड्यात 'मदतमाश' जमिनी सगळ्यांना माहीत आहेत, कोर्टकचेऱ्या चालू असतात. मआश म्हणजे उपजीविका. सरकारने जिच्या उपजीविकेला हात दिला ती जमीन मदतमाश. आणि त्याच मआशला 'बद' जोडले की होतो बदमाश, ज्याची उपजीविका वाईट. एकाला उपजीविका मिळाली, दुसऱ्याला शिवी मिळाली. कुणाला काय द्यायचे हे दरबाराने ठरवले. दुसरा शब्द उचल. मजूर घेतो ती उचल, आणि चोरावर आरोप येतो तो उचलेगिरीचा. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आत्मकथा लिहिली आणि तिचे नाव ठेवले 'उचल्या'. १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. जगाने जन्माआधी लिहून ठेवलेली चिठ्ठी त्यांनी उघडली आणि सगळ्यांसमोर पुस्तकाच्या पहिल्या पानावर ठेवली. घ्या, हे तुम्ही लिहिले होते.

अहमदाबादच्या छारानगरात त्याच शिक्क्याखाली वाढलेली तरुण मुले १९९८पासून 'बुधन थिएटर' या नावाने नाटके करतात. बंगालमधल्या बुधन शबर याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, त्यावर त्यांचे पहिले नाटक. ज्यांना जग चोर म्हणत आले ती मुले रंगमंचावर चोर होतात, पोलीस होतात, साहेब होतात, आणि नाटक संपले की वेष उतरवतात. हे उतरवता येणे, हीच भूमिकेची सगळी ताकद आहे.

राजा-प्रधान-शिपाई-चोर या खेळाचा न लिहिलेला नियम तोच आहे. डाव संपला की सगळ्या चिठ्ठ्या परत घडी होतात आणि पुन्हा फेकल्या जातात. आत्ताचा चोर पुढच्या डावात राजा. आत्ताचा राजा पुढच्या डावात चोर, आणि त्यालाही एकदा कळू दे की सगळे आपल्या चेहऱ्याकडे संशयाने बघतात तेव्हा पोटात कसे होते. १८७१च्या कायद्याने काय केले? चिठ्ठी परत टाकूच दिली नाही. कपाळावर चिकटवून टाकली, बापाच्या, मुलाच्या, नातवाच्या. माझा राग त्या डिंकावर आहे. तुमचा राग चिठ्ठीवर आहे. तुम्ही चिठ्ठी फाडायला निघालात, आणि डिंकाची बाटली तशीच खिशात ठेवून.

पुरावा हवा असेल तर शाळेच्या स्नेहसंमेलनात बघा. नाटकात चोर कुणाला करतात? सरपंचाच्या मुलाला? डॉक्टरांच्या मुलीला? वर्गातल्या ज्या पोराचा रंग, कपडे आणि आडनाव आपल्या मनातल्या चोराशी जुळते, त्यालाच ती भूमिका जाते, आणि पुढे वर्षभर पोरे त्याला त्याच नावाने हाक मारतात. हे अनेक शाळांत अनेक वर्षे चालले आहे, आणि त्याला कुणी संस्कारांवरचा घाला म्हटलेले मी ऐकले नाही. ओरड झाली ती मुलांनी आपल्या मर्जीने चोर निवडला तेव्हा. म्हणजे चोर ठरवण्याचा हक्क मोठ्यांचा राहिला की सगळे ठीक.

दुष्काळाच्या साली हजरत उमर यांनी चोरीची ठरलेली शिक्षा थांबवून ठेवली, ही रिवायत आपण जुम्याच्या बयानात अभिमानाने ऐकतो. भुकेल्याचा हात धरण्याआधी राज्यकर्त्याने स्वतःकडे बघावे, हा तिचा अर्थ. आपण दुष्काळी जिल्ह्यात राहतो. आपल्याला तर तो अर्थ सगळ्यांत आधी कळायला हवा.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात. चोराची चिठ्ठी मुलांच्या खेळात राहू द्या. ती सगळ्यांना आळीपाळीने येऊ द्या, मुलींनाही, सरपंचाच्या घरातही, मौलवीसाहेबांच्या घरातही. मुलांना कुलूप उघडू द्या, दाराला कान लावू द्या, राक्षसाला थाप मारू द्या, आणि डाव संपला की चिठ्ठी परत डब्यात टाकायला लावा. आणि ज्यांच्या कपाळावर ती आपण चिकटवून ठेवली आहे, त्यांच्या पालाकडे पुढच्या वेळी गाडी वळेल तेव्हा ओट्यावरून उठून विचारा, "साहेब, याच घराकडे का?"

एवढे विचारायलाही थोडी अय्यारी लागते.